खोडीचा शनिवार

“गजा, तुझी खोडी झाली ना? मग सरक बाजूला. आता हुसेनभाईंचा नंबर.”

मी सरकलो. पद्माअक्का मगदूम स्टुलावर बसल्या होत्या. हातात चहाचा कप, समोर टेबलावर आमची चिंगी. चिंगी म्हणजे गरम पाण्याची रबरी पिशवी. हुसेनभाईंच्या बायकोनं शिवलेली कुंची तिला घातली होती, आणि पोटावर चिकटपट्टीनं मसुराएवढा सेन्सर डकवला होता. तिच्या डोक्यावर हातभर उंचीवर तापणारी कांडी आणि शेजारी पत्र्याच्या पेटीत अक्कांचं सर्किट. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ऊब देणारा वॉर्मर करत होतो आम्ही. सेन्सर बाळाच्या अंगाची ऊब मोजणार, सर्किट ते बघणार, बाळ गार पडायला लागलं की कांडी पेटवणार आणि उबेला आलं की विझवणार. ऐकायला किती सोपं! करायला बसलो तेव्हा तोंडाला फेस आला.

हुसेनभाई आमचे पत्र्याच्या कामाचे मिस्त्री. ते सावकाश पुढं आले, पेटीभोवती एक चक्कर मारली, मिशीतल्या मिशीत हसले आणि खिशातून पक्कड काढून सेन्सरची तार कचकन तोडली.

घंटा खणखणली. कांडी विझली. लाल दिवा लागला.

“हात्तिच्या!” हुसेनभाई म्हणाले. “याचापण बंदोबस्त केला होय तुम्ही?”

“केला की,” अक्का म्हणाल्या. “साधं सर्किट असतं तर तार तुटल्यावर त्याला वाटलं असतं की बाळ बर्फासारखं गार पडलंय. आणि त्यानं कांडी फुल पेटवून बाळ भाजलं असतं. तार कधी तरी तुटणारच हो हुसेनभाई. तुटली की सर्किटनं आधी आपले हात आवरायला पाहिजेत.”

हा आमचा खोडीचा शनिवार. सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीची गोष्ट ही, सांगलीत, माधवनगर रोडवरच्या वर्कशॉपमधली. मालक बापूसाहेब चौगुले. मूळ धंदा टीव्हीच्या स्टॅबिलायझरचा, पण बापूसाहेबांना काहीतरी नवीन करायची हौस फार. अक्का बंगळुरातली चांगली नोकरी सोडून आईच्या आजारपणासाठी सांगलीला परत आल्या होत्या. बापूसाहेबांनी त्यांना गाठलं आणि म्हणाले, तुम्ही म्हणाल ते बनवू. अक्का म्हणाल्या, वॉर्मर. मी नुकताच डिप्लोमा करून चिकटलेलो. सोल्डरिंग बरं जमायचं, बाकी अक्कल बेताचीच.

दर शनिवारी दुपारी काम थांबायचं आणि मालकापासून झाडूवाल्या पोरापर्यंत सगळ्यांनी मशिनची एकेक खोडी काढायची. वीज घालव, उलटी तार जोड, पेटीला लाथ मार, पाणी सांड, काय वाट्टेल ते. नियम दोनच. ज्याच्या खोडीनं मशिन पडेल त्याला अक्कांच्या पदरचा भडंगाचा, म्हणजे तिखट चुरमुऱ्यांचा, पुडा. आणि दुसरा, खोडी काढणाऱ्याला शिव्या नाहीत. मशिन पडलं तर जाब मशिनला विचारायचा, माणसाला नाही. एकदा बापूसाहेबांनी भरला कप थेट सर्किटवर ओतला. माझी आठवड्याची मेहनत चहात बुडाली! माझ्या तोंडाशी काय आलं होतं ते इथं सांगत नाही. अक्का मात्र टाळ्या पिटत उठल्या, “वा बापूसाहेब! वॉर्डात चहा सांडणारच की!” म्हणाल्या, आणि ड्रॉवरमधून पुडा काढून मालकाच्या हातात ठेवला. सोमवारी पेटीला रबराची पट्टी बसली.

आज माझं स्वतःचं वर्कशॉप आहे, केस पांढरे झालेत, पण अशी बाई मी दुसरी बघितली नाही. इंजिनिअर पुष्कळ बघितले. आपलं डिझाइन दुसऱ्यानं मोडलं की ज्याचा चेहरा उजळतो असा माणूस बघितला तो हा एकच.

पुढं पुढं मशिन पडायचंच बंद झालं. सलग कित्येक शनिवार भडंग ड्रॉवरमध्ये सादळत पडलं. मग एक दिवस टेंपोत घालून आम्ही तो वॉर्मर घेऊन गेलो. कुठल्या हॉस्पिटलला, ते नाव सांगत नाही. एका ट्रस्टचं होतं, सांगलीपासून एसटीनं जावं एवढ्या अंतरावर. मुलांचे डॉक्टर दिघे स्वभावानं तिरसट, पण कामाला वाघ. ते म्हणाले, “चालवून बघतो. चाललं तर ट्रस्टच्या सगळ्या दवाखान्यांत हेच. नाही चाललं तर मुंबईची कंपनी दारात उभीच आहे.”

चाललं. आणि चांगलं चाललं. सिस्टर फोन करून सांगायच्या, आज जुळी ठेवली होती, आज एक मूठभर पोर घरी गेलं. बापूसाहेब मूठभर मांस चढल्यासारखे फिरत होते.

आणि एका सकाळी दिघ्यांचा फोन आला. बापूसाहेब ऐकता ऐकता खुर्चीतून उठले. “बाळ कसं आहे?” एवढंच विचारलं आणि फोन ठेवला. “अक्का, मशिननं पोरगी तापवली.”

अक्कांच्या हातातलं सोल्डरिंग आयर्न खाली आलं. त्यांचा चेहरा एवढा पडलेला मी कधी बघितला नव्हता.

आम्ही तिघं बापूसाहेबांच्या गाडीतून गेलो. 

वॉर्डात गेलो तर मुलगी सलाइनवर. आठव्या महिन्यात झालेली, अंग अजून लालसर, पण श्वास नीट चाललेला. सिस्टरनं वेळेत बघितलं म्हणून वाचली होती. डॉक्टर म्हणाले, आजचा दिवस गेला की धोका नाही. मग त्यांनी आम्हाला बाजूला घेतलं आणि आवाज जरा खाली आणला.

“घाबरू नका. तुमच्या मशिनचा काही दोष नाही. ती बघा, त्या कोपऱ्यातल्या बाईचा पराक्रम आहे.”

कोपऱ्यात जमिनीवर एक म्हातारी बसली होती. हिरवं इरकली लुगडं, दोन्ही हात पदरात गुंडाळलेले. ती मुलीची आजी, रंगूबाई. शेजारी तिचा मुलगा सर्जेराव तिच्याकडं पाठ करून उभा.

“सकाळी सिस्टरची नजर चुकवून बाटली काढली आणि पोरीला तेल चोळलं,” डॉक्टर सांगत होते. “पोटावरची पट्टी सोडवली, तेल लावलं आणि परत चिकटवून ठेवली. तेलावर पट्टी टिकतेय कशाला? घसरून दुपट्याच्या घडीत गेली. मशिनला वाटलं बाळ गार पडलंय. ते तापवतच राहिलं.”

बापूसाहेबांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मीही टाकला, खोटं कशाला बोलू?

“म्या काय मुद्दाम क्येलं व्हय?” कोपऱ्यातून रंगूबाई म्हणाल्या. कुणाला उद्देशून ते कळत नव्हतं. “पोरीचं आंग कोरडं पडल्यालं बघवंना. माज्या समद्या लेकरास्नी लावलं, ह्येलाबी लावलं.” आणि मुलाकडं मान वळवली.

“आई, तू गप बस!” सर्जेराव खेकसला. “पोरीला मारली असतीस आज. परत तिला हात लावशील तर याद राख.”

म्हातारीनं हात आणखी आत घेतले.

अक्का एवढा वेळ मुलीजवळ उभ्या होत्या. त्या वळल्या आणि सिस्टरना विचारलं, “सिस्टर, खरं सांगा. तेल लावणाऱ्या या पहिल्याच का?”

सिस्टर डॉक्टरांकडं बघून चाचरल्या. “पहिल्या कुठल्या? कितीही ओरडा, लपूनछपून लावतातच. बाळाला तेल लावायचं नाही म्हटलं तर बायकांच्या जिवाला चैन पडत नाही.”

“मग डॉक्टर, दोष माझ्या सर्किटचा आहे,” अक्का म्हणाल्या.

“अक्का!” बापूसाहेब दबक्या आवाजात म्हणाले. “अहो, ते स्वतः म्हणताहेत की दोष नाही.”

“म्हणू देत त्यांना. घरोघरी लावतात ते तेल. माझी आई लावायची, तुमची लावायची. मी पाणी धरलं, चहा धरला, तार तुटायची धरली आणि तेल धरलं नाही. मशिन घेऊन जाते मी परत.”

डॉक्टर चक्रावलेच. “बाई, तुम्हाला कळतंय का काय म्हणताय ते? भिंतीवर पाटी लावू, नातेवाइकांना आत सोडणार नाही. मशिन राहू दे.”

“पाटी वाचणार कोण? आणि आजीला बाहेर ठेवाल, उद्या आत्या येईल.”

“हे बघा, मशिन इथून गेलं की ट्रस्टच्या मीटिंगमध्ये मला सांगावं लागेल की गेलं. मग मुंबईवाल्यांचं येईल.”

“तोवर आणते दुरुस्त करून. मधल्या दिवसांत पूर्वीसारखे बल्ब लावून ऊब द्या.”

“आणि नाहीच जमलं तर?”

“तर मुंबईवाल्यांचं घ्या,” अक्का म्हणाल्या, “पण आधी त्याला तेल लावून बघा.”

परतताना गाडीत बापूसाहेब जे सुटले! मी मागच्या सीटवर मशिनची पेटी मांडीवर घेऊन बसलेलो. दोन वर्षांची मेहनत, हातातोंडाशी आलेला घास, आपणच उठून सांगायचं आमचं चुकलं, कुठल्या पुस्तकात लिहिलंय हे? अक्का सगळं ऐकून घेत होत्या. शेवटी एवढंच म्हणाल्या, “बापूसाहेब, तुम्ही सर्किटवर चहा ओतलात तेव्हा मी तुम्हाला काय दिलं होतं?”



दुसऱ्या दिवसापासून अक्का आणि मी चिंगीला घेऊन बसलो. अक्कांनी मीटर जोडला आणि सेन्सर चिंगीच्या पोटावरून काढून बाजूला ठेवला. सुई सर्रकन खाली आली. मग सेन्सर परत पोटावर चिकटवून पिशवीतलं पाणी गार होऊ दिलं. सुई इतकी सावकाश उतरली की मधे माझी डुलकी झाली.

“बघ गजा,” अक्का म्हणाल्या. “बाळ इतक्या झटकन गार होत नाही. कुठलंच नाही. सुई पळत खाली आली तर समजायचं बाळ गार पडलेलं नाही, सेन्सर पडलाय.”

काय सुरेख गोष्ट! मला तर तेवढ्यावरच नाचावंसं वाटलं. अक्कांनी सुईची धाव ओळखणारं एक छोटं सर्किट मांडलं, मी जोडलं. सुई पळाली की घंटा वाजणार आणि कांडी विझणार. शनिवारी सगळ्यांनी पट्ट्या ओढून ओढून बघितल्या. दर वेळी घंटा. बापूसाहेबांनी तिथल्या तिथं दिघ्यांना फोन लावायला घेतला.

“थांबा,” अक्का म्हणाल्या. “आपण पट्टी ओढतोय. तिथं कुणी ओढली नव्हती, ती निसटली होती. तेल आणा.”

हुसेनभाई धावत जाऊन तेलाची बुधली घेऊन आले आणि चिंगीच्या पोटावर धार धरली. काळंकुट्ट तेल!

“अहो हुसेनभाई, बाळ आहे ते, लेथ नव्हे!” अक्कांना हसू आवरेना.

मग खोबरेल आलं. आम्ही सगळ्यांनी हात मारून बघितला. पण आमच्यापैकी कुणी कधी बाळाला तेल लावलं होतं? कुणी थापायचा, कुणी नुसतंच पुसायचा. एकदा पट्टी लगेच पडायची, एकदा ढिम्म हलायची नाही. अक्कांनासुद्धा जमेना. त्यांचं लग्न झालेलं नाही, घरी लेकरू नाही.

“आपल्या हातांत ते नाही,” त्या म्हणाल्या. “ज्यांच्या हातून निसटलं त्यांनाच बोलवायला पाहिजे.”

मी उडालोच. “त्या म्हातारीला? अक्का, ती येईल का?”

“तू जा आणि घेऊन ये. सांग, अक्कांचं काम अडलंय. तेवढंच सांग.”

मी गेलो. सर्जेराव आधी अंगावरच आला. “आमच्या आईची वरात काढताय काय गावोगाव?” पण मुलगी आता बरी होती, राग थोडा निवला होता, आणि अक्कांनी भर वॉर्डात दोष स्वतःवर घेतलेला त्यानं ऐकला होता. पुढच्या शनिवारी तो स्वतःच आईला घेऊन आला. रंगूबाई वर्कशॉपच्या दारात उभ्या राहिल्या. दोन्ही हात पदरात.

“या रंगूबाई. बसा. चहा घेता?”

“नगं बाई. काय असंल ती शिक्षा सांगा आन सोडा मला.”

“शिक्षा कसली? ही आमची चिंगी. हिला तेल लावा. तुमच्या नातीला लावलं तसंच.”

म्हातारीनं कुंचीतल्या रबरी पिशवीकडं बघितलं, मग अक्कांकडं, मग मुलाकडं. “न्हाई बाई. म्या आता कुनाला हात लावत न्हाई. दवाखान्यातबी न्हाई. सून पोरीला दुदाला घेती तवा म्या भाईर बसती.” आणि तिचे डोळे भरून आले. सर्जेरावनं मान खाली घातली.

अक्का खुर्ची ओढून तिच्यासमोर बसल्या. “रंगूबाई, माझं मशिन नीट व्हायचं असेल तर ते तुमच्याच हातानं होणार. उद्या दुसऱ्या कुणाची नात यात निजेल. तिचीही आजी तेल लावेल. तेव्हा घंटा वाजली पाहिजे. लावा हो.”

खूप वेळानं पदरातून हात बाहेर आले. आधी बिचकत दोन बोटं तेलात बुडवली. मग चिंगीच्या पोटावर हात फिरला आणि काय सांगू, तो हात एकदम वेगळाच झाला. मऊ, गोल गोल, ना जोर ना घाई. तोंडानं पुटपुटणं सुरू, “आगं माजी बाय, आगं माजी साळुंकी.” पट्टी सोडवली, खाली तेल लावलं, पट्टी पुन्हा ठेवून अंगठ्यानं मायेनं दाबली. वर दुपट्याची घडी नीट केली. रबराची पिशवी आहे हे तिच्या ध्यानातही राहिलं नव्हतं. हुसेनभाई टोपी हातात घेऊन बघत उभे होते.

आमच्या नजरा सुईवर. पट्टी लगेच पडली नाही. केसभर सरकली. थांबली. पुन्हा सरकली. सुई खाली यायला लागली, पण हळूहळू, अगदी खरोखरचं बाळ गार पडावं तशी. कांडी पेटली. लालबुंद झाली. सेन्सर घरंगळत दुपट्याच्या घडीत गेला.

घंटा वाजली नाही.

 कांडी रसरसत होती आणि चिंगी तापत होती. बापूसाहेबांनी कपाळाला हात लावला.

रंगूबाईंना यंत्रातलं काही कळत नव्हतं, पण आमची तोंडं वाचता येत होती. हात पुन्हा पदरात गेले. “बगा. म्या म्हनलं न्हवतं? माज्या हाताला गुनच न्हाई.”

“अहो काय बोलताय!” अक्का ताडकन उठल्या. आनंदानं चेहरा फुललेला! “बरं झालं आलात! नाही तर हेच मशिन घेऊन गेलो असतो आम्ही वॉर्डात. हात काढा बाहेर. परत लावा. गजा, पिशवी बदल.”

नेहमीच्या सवयीनं माझा हात ड्रॉवरकडं गेला. मशिन पडलं होतं, भडंगाचा पुडा द्यायला हवा. अक्कांनी माझा हात धरला. “आज नको.” मला जरा विचित्र वाटलं. नियम त्यांचाच, आणि आज ह्या गरीब म्हातारीच्या वेळी हात आखडता? पण बोललो नाही.

त्या दुपारी रंगूबाईंनी चिंगीला किती वेळा तेल लावलं कोण जाणे. दर खेपेला पट्टी नव्या तऱ्हेनं निसटायची. अक्का सुईवरून नजर काढत नव्हत्या. उन्हं कलली. अक्का जैन, सूर्य मावळायच्या आत त्यांचं जेवण व्हायलाच हवं. डबा उघडून त्या भाकरी खात होत्या, तीही सुईकडं बघतच. आणि हातातला घास तसाच राहिला.

“गजा, कांडी किती वेळ पेटलीय?”

“केव्हाची पेटलीय.”

“आणि सुई?”

“खालीच.”

“अरे मग खाली बाळ आहे कुठं? बाळ असतं तर एवढ्या कांडीखाली सुई चढायलाच हवी होती. पडलेला सेन्सर घडीच्या सावलीत निजलाय, त्याला ऊब पोचतच नाही. आपण नुसती सुई बघत बसलो. सर्किटनं कांडीकडंपण बघायला पाहिजे. कांडी फुल आणि सुई हलत नाही, तर वाजव घंटा!”

आहे की नाही? एक डोळा सुईच्या पळण्यावर, दुसरा कांडीवर. आता वाटतं, यात काय मोठंसं? पण ती गोष्ट तोवर आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आली नव्हती. अक्कांनी डबा झाकला आणि रंगूबाईंचा तेलकट हात आपल्या दोन्ही हातांत धरला. “झालं तुमचं काम. आता आमचं.”

ट्रस्टची मीटिंग तोंडावर आली होती. डॉक्टर दिघ्यांनी निरोप धाडला की मुंबईचं मशिन बघून ठेवलंय, तुमचं आणायचं तर लगेच आणा. आम्ही नवं सर्किट जोडून मशिन नेलं. सर्जेरावची मुलगी त्याच दिवशी घरी जायची होती. आता चांगलं बाळसं धरलेली, आईच्या कडेवर. अक्कांनी मुद्दामच तो दिवस धरला असणार, हे मला फार उशिरा सुचलं.

वॉर्डाच्या मधोमध वॉर्मर मांडला, त्यात चिंगीला निजवलं. डॉक्टर, सिस्टर, ट्रस्टचे एक गृहस्थ, बापूसाहेब, मी, हुसेनभाई. आजूबाजूच्या खाटांवरच्या बाया उठून बसलेल्या. रंगूबाई भिंतीला टेकून लांब उभ्या, हात पदरात.

“हं, आता तेल कोण लावणार? मी?” डॉक्टर म्हणाले.

“तुम्हाला नाही जमायचं डॉक्टर,” अक्का म्हणाल्या. “आम्हालाही जमलं नाही. रंगूबाई, या पुढं.”

वॉर्डात कुजबुज झाली. हीच ती, पोरीला तापवणारी. म्हातारी मान खाली घालून आली. तेल लावलं. पट्टी ठेवली, अंगठ्यानं दाबली.

पट्टी केसभर सरकली. कांडी पेटली. सुई हळूहळू उतरायला लागली. बापूसाहेब डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होते.  सेन्सर घडीत गेला. कांडी लाल झाली. डॉक्टर माझ्याकडं बघायला लागले. मी अक्कांकडं. अक्का रंगूबाईंकडं.

आणि घंटा वाजली! खणखणीत! कांडी पटकन विझली, दिवा लागला. सिस्टरनं भान विसरून टाळी वाजवली.

“पुन्हा,” डॉक्टर म्हणाले.

पुन्हा वाजली. डॉक्टरांनी दुपटं बदलून बघितलं, पंखा लावून बघितला, पुन्हा वाजली. मग तो तिरसट माणूस हसला आणि ट्रस्टच्या गृहस्थांना म्हणाला, “मुंबईवाल्यांना नको म्हणून कळवा.”

बापूसाहेबांनी मला मिठी मारली. हुसेनभाई डोळे पुसत होते. रंगूबाई गर्दीतून हळूच मागं सरकल्या. आता त्यांचं काम उरलं नव्हतं.

“रंगूबाई, थांबा,” अक्कांनी हाक मारली. पिशवीतून भडंगाचा पुडा काढला आणि सगळ्यांच्या देखत त्यांच्यापुढं धरला.

मला राहवलं नाही. “अक्का, पण आज मशिन पडलं कुठं?”

“हा आजचा नाही,” अक्का म्हणाल्या. “मागच्या खेपेचा. याच वॉर्डात, याच जागी यांनी माझं मशिन पाडलं होतं. त्या दिवशी द्यायचा राहिला. इथलं इथंच द्यायला हवा होता.”

सर्जेराव गोंधळला. “म्हंजी? बक्षीस कशाचं?”

“आमच्यात रीत आहे,” हुसेनभाई म्हणाले. “मशिन पाडलं त्याला बक्षीस.”

“आणि शिव्या?”

“शिव्या मशिनला. माणसाला नाहीत.”

 सर्जेराव आईकडं बघत राहिला.  रंगूबाई पुड्याकडं बघत म्हणाल्या, “बाई, मला दात कुटं हाईत ह्ये खायाला?” आणि सगळे हसले, तेव्हा त्याही हसल्या. पुडा घेतला आणि हात परत पदरात नेला.

तेवढ्यात सून पुढं आली. साधी, लहानखुरी पोर, आतापर्यंत कुणाशी एक शब्द बोलली नव्हती. तिनं कडेवरची मुलगी सोडवून सासूपुढं धरली.

“आत्या, घ्या हिला.”

रंगूबाई दचकून मागं झाल्या. “नगं गं. हाताला त्याल हाय माज्या.”

“असू दे,” सून म्हणाली. “घ्या.”

म्हातारीनं सर्जेरावकडं बघितलं. त्यानं पुढं होऊन तिच्या पदरातला पुडा आपल्या हातात घेतला आणि बाजूला झाला. मग रंगूबाईंनी दोन्ही हात बाहेर काढले.